गाळलेली ओळ

मला फसवणं फार सोपं आहे, म्हणून मी कोणावर विश्वास ठेवत नाही. जन्मापासून मला दिसत नाही. फळवाला इतरांना वरची चांगली फळं दाखवून खालची नासकी देतो. मला वरची दाखवायचीही तसदी घेत नाही. शेजारी विचारतो, "काय म्हणता, बरं आहे ना?" आणि माझं उत्तर येईपर्यंत जिना उतरून गेलेला असतो. लोक म्हणतात, हा माणूस फार संशयी आहे. आहेच! अठ्ठावन्न वर्षं लोकांच्या नुसत्या आवाजावर काढून बघा आणि मग मला बोला.

मी ब्रेल छापखान्यात तपासनीस आहे. म्हणजे आंधळ्यांनी बोटांनी वाचायची पुस्तकं आमच्याकडे छापतात, आणि छापलेलं बरोबर आहे की नाही ते मी बघतो. हो, बघतो असंच म्हणतो, तुम्हाला हसायचं तर हसा. आमच्या खोलीत आम्ही तिघं. एक जण छापील पुस्तक मोठ्याने वाचतो, त्याला वाचक म्हणतात. यंत्रावर बसलेल्या ताई ते ऐकून जस्ताच्या पत्र्यावर ठिपके ठोकतात. सहा कळा, खाली पायाने दाबायचा पायटा, दिवसभर ठकाठक. त्यांचं वय झालं, पुस्तकातून पत्र्यावर आणि पत्र्यावरून पुस्तकात नजर फिरवणं त्यांना जमत नाही, म्हणून सगळं कानावर. मग पत्र्यावरून कागद काढतात, वाचक तोच मजकूर पुन्हा वाचतो, आणि माझं बोट कागदावरून त्याच्या आवाजाबरोबर चालतं. वाचक स्वल्पविरामसुद्धा उच्चारून वाचतो. चूक सापडली की मी "थांबा" म्हणतो आणि ताई छोट्या हातोडीने तो ठिपका दाबून बसवतात. सगळं बरोबर असलं की कागदाच्या कोपऱ्यात मी माझा उठावाचा शिक्का मारतो. त्या शिक्क्यानंतर कोणी काही विचारत नाही.

आता यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. वाचकाने दोन्ही वेळा तेच खोटं वाचलं, तर आम्हाला कळणार कसं? ताईंनी पुस्तक पाहिलेलं नाही, मी पाहू शकत नाही. तीस वर्षं मी या एका जागेवर कान लावून बसलोय.

आणि या जागेवर साहेबांनी कोणाला आणून बसवावं?

त्यांनी मला आत बोलावून दार लावलं. साहेबांनी दार लावलं की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

"नवीन वाचकबाई येतायत," ते म्हणाले. "तुम्हाला आधी सांगितलेलं बरं. तीन वर्षं तुरुंगात होत्या."

"कशासाठी?"

साहेब घुटमळले. "त्यांच्या आत्याला दिसेनासं झालं होतं. हिने तिला एक कागद वाचून दाखवला आणि सही दुसऱ्या कागदावर घेतली. घर भावाच्या नावावर गेलं."

मी खुर्चीवरून उठलोच. "साहेब, सगळ्या जगात तुम्हाला हीच मिळाली? आंधळ्यांच्या छापखान्यात? मग लांडग्याला मेंढरं मोजायलाही ठेवा!"

"तिने स्वतःच अर्जात लिहिलंय," साहेब म्हणाले. "आणि वाचते सुरेख. तीन महिने बघू. त्यानंतर ठेवायची की नाही ते तुम्ही सांगायचं, तुमचा शब्द शेवटचा. फक्त एवढं लक्षात ठेवा, ती सुटून आलेल्या बायकांच्या वसतिगृहात राहते. काम असेल तोवरच तिथे खोली मिळते. भाऊ तिला दारात उभं करत नाही."

माझ्या शब्दाला अशी धार आहे हे साहेबांना ठाऊक होतं. आधीचे दोन वाचक माझ्याच शब्दावर गेले होते. पहिला खरोखरच कामचुकार होता, पानंच्या पानं उडवायचा. दुसरे एक निवृत्त शाळामास्तर होते, सारखे खोकायचे, सारखे "माफ करा हं" म्हणायचे. चार वर्षांपूर्वी एक अख्खी ओळ गाळल्याचा ठपका मी त्यांच्यावर ठेवला. ते म्हणत राहिले की मी वाचली होती हो, अगदी नक्की वाचली होती. साहेबांनी माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो कागद मी पुन्हा चाचपला, तर ओळ जागच्या जागी होती. माझंच बोट एका ओळीवरून खालच्या ओळीवर घसरलं होतं. मास्तर तोवर आपली छत्री आणि डबा घेऊन गेलेले. मी गप्प बसलो. तपासनिसाचं बोट घसरतं हे एकदा बाहेर कळलं की तपासनीस संपला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं, ताईंनासुद्धा नाही.

असो. बाई आल्या. पावलं हलकी, कपड्यांना धुण्याच्या साबणाचा वास, आवाज कोरडा आणि स्वच्छ. पहिल्याच दिवशी चहा आला तर माझ्यासमोर कप ठेवून म्हणाल्या, "काका, कप उजव्या हाताला आहे, कान तुमच्याकडे केलाय." तीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनात पहिला विचार आला, हिने आत्यालाही असाच कप दिला असेल. चहा मी प्यायलो नाही, निवला आणि फेकून दिला.

त्या वेळी एका धर्मसभेने इब्री शास्त्र, म्हणजे यहुद्यांचं जुनं धर्मपुस्तक, छापायला दिलं होतं, सगळं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. खंड त्यांना हवे त्या क्रमाने निघत होते. राजांच्या आणि संदेष्ट्यांच्या गोष्टी आधी, नियमांचा खंड शेवटी. मला या शास्त्राची चांगलीच ओळख होती. लहानपणी मी आंधळ्या मुलांच्या वसतिगृहात होतो. तिथले गुरुजी रोज त्यातलं वाचून दाखवायचे. ब्रेलमध्ये ते पुस्तक नव्हतंच, त्यामुळे गुरुजींचं तोंड हेच आमचं पुस्तक. त्यातला देव गडगडायचा, जाळायचा, बुडवायचा. गुरुजी म्हणायचे, पापाशिवाय कोणाचे डोळे जात नाहीत रे. शापांची एक लांबलचक यादी त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतली होती. प्रत्येक शापानंतर ते छडी टेबलावर आपटायचे आणि आम्ही पोरांनी "आमेन", म्हणजे तसंच होवो, म्हणायचं. त्या यादीतला एकच शाप आमच्या बाजूचा होता. आंधळ्याला जो वाट चुकवेल त्याच्यावरचा. तो आला की आम्ही चाळीस पोरं छप्पर उडेल असं "आमेन" ओरडायचो.

तर असा देव माझ्या ओळखीचा होता. आणि ही बाई काय वाचायला लागली?

एक दिवस तिने तटाच्या भिंतीत राहणाऱ्या एका बाईची गोष्ट वाचली. बाई बदनाम. रात्री तिच्या दाराशी जाणारे दिवसा तिला ओळखही दाखवत नसणार. तिने शत्रूचे दोन हेर छपरावर वाळत घातलेल्या काड्यांखाली लपवले, का, तर तुमचा देव खरा आहे असं मला वाटतं म्हणाली. पुढे शहर पडलं, सगळं जळालं, आणि जिच्या खिडकीला लाल दोरी बांधली होती ते तिचं एकटीचं घर वाचलं. ती त्या लोकांत राहिली, त्यांचीच झाली.

"थांबा," मी म्हटलं. "पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचलं, स्वल्पविरामासकट, अगदी तसंच.

मग एक राजा आला. देवळात नको ते मांडणारा, स्वतःची लेकरं आगीतून घालणारा, शहरभर निरपराध लोकांचं रक्त सांडणारा. मी वाट बघत होतो, आता वीज पडेल, आता जमीन फाटेल. त्याला बेड्या घालून परक्या देशात नेलं, इथवर ठीक. पण तिथे त्याने मान खाली घालून विनवणी केली, आणि देवाने ऐकलं. त्याला घरी आणलं. परत गादीवर बसवलं!

"पुन्हा वाचा," मी म्हटलं. माझ्या आवाजाला जरा जास्तच धार आली असावी, कारण ताईंचा पायटा थांबला.

मग ते भलंमोठं दुष्ट शहर. त्याचा नाश होणार असं सांगायला संदेष्टा पाठवला, लोक रडले, आणि देवाने नाश रद्द केला. संदेष्टा चिडून शहराबाहेर उन्हात जाऊन बसला. मला त्या माणसाचं एकदम पटलं. एवढ्या लांब पाठवायचं, जाहीर करायला लावायचं, आणि ऐनवेळी शब्द फिरवायचा? देवच वर त्याला विचारतो, तुला एवढा राग येणं बरोबर आहे का? हो, आहे! मी असतो तर हेच म्हटलं असतं.

माझ्या डोक्यात तिढा सुटायला लागला. गुरुजींनी यातलं एक अक्षर कधी वाचलं नव्हतं. बदनाम बाई बचावते, खुनी राजा सुटतो, दुष्ट शहर सुटतं. आणि हे वाचतंय कोण, तर तुरुंगातून सुटलेली बाई! अहो, सरळ आहे ना. ही आपल्या पदरची माफी पुस्तकात घुसडत होती. एकदा ब्रेलमध्ये उठलं की देशोदेशीच्या आंधळ्यांनी तेच देवाचं म्हणून वाचायचं, आणि खाली शिक्का माझा!

मी कान टवकारले. पानं उलटण्याचे आवाज मोजायला लागलो. तासाभराने मध्येच "कालची तिसरी ओळ पुन्हा वाचा" म्हणायचो. ती न कुरकुरता वाचायची. मुद्दाम चुकीचं पान सांगून बघितलं, ती म्हणाली, "काका, ते या पानावर नाही, मागच्यावर आहे." ताईंना विचारायची सोय नव्हती. ताईंना हिने कधीच खिशात घातलं होतं. त्यांची गुडघेदुखी ऐकून घ्यायची, उठताना त्यांना हात द्यायची.

"भाऊ, जरा सबुरीने घ्या," ताई मला एकदा म्हणाल्या. "पोरगी वाईट नाही."

"आत्यालाही असंच वाटलं होतं," मी म्हटलं.

तीन महिने संपायला दोन दिवस उरले होते. त्यातला पहिला सुट्टीचा होता, आणि मी चोरी केली. छापील पुस्तक छापखान्याबाहेर न्यायचं नाही हा नियम मीच करून घेतलेला. ते जाडजूड धूड मी कोटाखाली पोटाशी धरलं, तपासलेल्या ब्रेल कागदांची गुंडाळी काखेत घेतली आणि पाच महिन्यांची पोटुशी बाई चालते तसा सांभाळून चालत भाचीकडे गेलो. भाची शाळेत शिकवते. चोख आहे, आणि माझ्या बहिणीची मुलगी असल्यामुळे माझ्याइतकीच खडूस आहे.

"मामा, हे काय आणलंस?"

"पुरावा आणलाय. तू वाच, मी बोट ठेवतो."

तिने लाल दोरीवाल्या बाईपासून सुरुवात केली. माझं बोट चालू लागलं. शब्दाला शब्द. स्वल्पविरामाला स्वल्पविराम. राजा आला, बेड्या आल्या, विनवणी आली आणि तो घरी परत आला, तेही छापलेलं होतं, पुस्तकातच होतं. दुष्ट शहर वाचलं. त्या शहरात डावा-उजवा हात न कळणारी कितीतरी माणसं आहेत आणि जनावरंही आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का, असं देव विचारतो, तेसुद्धा होतं.

"सगळं बरोबर आहे रे मामा," भाची म्हणाली. "तुझा चेहरा का पडलाय?"

का पडला? मला त्या क्षणी भयंकर संताप आला. बाईचा नाही, गुरुजींचा. म्हणजे हे सगळं तेव्हाही पुस्तकात होतं! आम्ही चाळीस पोरं त्यांच्या समोर बसलो होतो, आपण कोणत्या पापामुळे असे झालो याचा विचार करत रात्र रात्र उशीत तोंड खुपसत होतो, आणि तो माणूस पान उलटून पुढे जात होता! एवढी वर्षं मी निम्म्याच पुस्तकाला घाबरत होतो. मी भाचीला पाणी मागितलं. ते प्यायलो आणि म्हटलं, "आता नियमांचा खंड काढ. शापांची यादी. गेल्या आठवड्याचीच आहे."

ती यादी मला पाठ, तिथे काय सापडणार होतं? पण आलोच आहे तर. भाची वाचत गेली, मी प्रत्येक शापाला जुन्या सवयीने मनात आमेन म्हणत गेलो. आणि तिने तो आंधळ्याला वाट चुकवण्याचा शाप वाचला. माझ्या तोंडून मोठ्याने "आमेन!" निघालं.

बोटाखाली तो शाप नव्हता.

मी मागे गेलो, पुढे आलो. शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्याचा शाप होता, त्यानंतर थेट परक्याचा आणि अनाथाचा न्याय बुडवणाऱ्याचा. मधला गाळला होता. एकच शाप आणि त्याचं आमेन, ओळ पूर्ण स्वच्छ काढून घेतलेली, सांधासुद्धा लागत नव्हता.

"सापडली!" मी टेबलावर थाप मारली. "बघ! मी म्हणत नव्हतो?"

भाचीने ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मामा, पण ती तुझ्यासमोर वाचतानाही हे नव्हतंच ना? आणि ही यादी तुला पाठ आहे. मग तुला त्या दिवशी कसं कळलं नाही?"

मी कोट घातला आणि उठलो. वाटेत मात्र तोच प्रश्न माझ्यापुढे चालत होता. ज्या एका शापावर आम्ही छप्पर उडवायचो तो माझ्या बोटाखालून गायब झाला आणि मला पत्ता लागला नाही. का, तर मी कुठे दया घुसडलीय का एवढंच हुंगत बसलो होतो. त्या कागदाच्या कोपऱ्यात माझा शिक्का होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक गुपचूप जागेवर ठेवलं आणि बाई येताच म्हटलं, "शापांचं पान काढा. वाचा."

तिने वाचलं. हद्दीचा शाप वाचला, आणि त्यापुढे थेट परक्याचा आणि अनाथाचा.

"पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचलं. या वेळी हद्दीच्या शापापाशी आवाज अडखळला, पण उडी तीच मारली.

"पुन्हा वाचा."

या वेळी ती हद्दीच्या शापापर्यंत आली आणि थांबली. ताईंचा पायटाही थांबला. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"तुम्हाला कळलंय, काका," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून तुम्हाला ओळखून आहे मी," मी म्हटलं. खरं म्हणजे आदल्या दिवसापासून.

"मला बाकी सगळे शाप वाचता आले. हा येईना. तुमच्यासमोर बसून, तुमचं बोट ओळीवर असताना, माझं तोंडच उघडेना. मग ताईंच्या पत्र्यात नव्हतं, म्हणून दुसऱ्यांदाही वाचलं नाही." तिने पुस्तक मिटल्याचा आवाज आला. "आत्याला मी रोज संध्याकाळी वाचून दाखवायचे. पत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं. भावाने घराचा कागद आणून दिला. मी आत्याला म्हटलं, हा विजेच्या जोडणीचा अर्ज आहे. तो अर्जही मी तिला वाचून दाखवला, शब्दन्‌शब्द, तो माझ्या डाव्या हातात होता. आणि तिचं बोट धरून दुसऱ्या कागदावर सहीच्या जागी ठेवलं. ती म्हणाली, तू आहेस म्हणून बरं आहे गं. ती परक्याच्या घरी वारली, काका. मी तेव्हा आत होते."

ताईंनी नाक ओढलं. मी म्हटलं, "मग इथे कशाला आलात?"

"मला नीट वाचायचं होतं," ती म्हणाली. "ज्याला दिसत नाही अशा कोणासाठी तरी, जे आहे ते, तसंच्या तसं. आणि तेही जमलं नाही. साहेबांना काय सांगायचं ते सांगा. मी तुमच्यावर रागावणार नाही."

आता बघा, माझ्या हातात सगळं होतं. साहेब चार वाजता माझा शेवटचा शब्द विचारायला येणार होते. एक वाक्य बोललो असतो की वसतिगृहाची खोलीही गेली असती. आणि मला त्या घटकेला आनंद व्हायला हवा होता, तर झाला नाही. मी तो कागद घेऊन बसून राहिलो. अंगठा कोपऱ्यातल्या शिक्क्यावर फिरत होता. तिने ओळ गाळली होती. मी एक माणूस गाळला होता, छत्री आणि डब्यासकट. तिने तीन वर्षं भोगली. मी चार वर्षं चहा पितोय.

साहेब चारला आले. खुर्ची ओढून बसले. "काय मग? ठेवायची?"

"ठेवा," मी म्हटलं.

"साहेब," बाई मध्येच म्हणाली, "मी एक ओळ गाळली आहे. मुद्दाम."

झाली का पंचाईत! मी तोंड उघडलं नव्हतं, ताई उघडणार नव्हत्या, आणि ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेत होती!

"आणि मी ती पास केली आहे," मी जोरात म्हटलं. "शिक्का माझा आहे. यादी मला लहानपणापासून पाठ आहे. तपासनिसाचं काम चूक पकडणं, मी पकडली नाही. तेव्हा चुकांच्या वहीत नाव लिहायचं तर दोघांचं लिहा, आणि माझं आधी लिहा."

साहेबांनी वही पुढे ओढली. मग म्हणाले, "तुमचं नाव? तीस वर्षांत पहिल्यांदाच."

"लिहा म्हटलं ना!"

"बरं, बरं. पत्रा नवा ठोका आधी." खुर्ची मागे सरकली. जाता जाता ते म्हणाले, "मग ठेवायचीच ना?"

"ठेवाच. पण माझं लक्ष राहणार आहे तिच्यावर."

"ते मला माहीत आहे," साहेब म्हणाले.

पत्रा नवा झाला. बाईने तो शाप वाचला, आवाज फाटला तरी वाचला. माझं बोट त्यावरून गेलं. मी आमेन म्हटलं, मोठ्याने नाही. तो आमच्या दोघांवरही होता. मास्तरांच्या वेळी मीही साहेबांची वाट चुकवली होती.

पुढचे चार-पाच दिवस नुसतीच संकटं वाचत होतो. दुष्काळ, रोगराई, हाकलून देणं, गुरुजींचं सगळं आवडतं सामान. आणि मग एका दुपारी ती वाचता वाचता हळू झाली. तोच देव म्हणत होता, हाकलला जाऊन आभाळाच्या टोकाला पोचला असलास, तरी मी तुला तिथूनही गोळा करीन आणि परत आणीन.

"थांबा," मी म्हटलं. "पुन्हा वाचा."

तिने वाचलं.

"पुन्हा वाचा."

तिने वाचलं. ताई यंत्रावर हात ठेवून बसल्या होत्या. बोट केव्हाच पुढे गेलं होतं, ओळ बरोबर होती, थांबायचं काही कारण नव्हतं.

"पुन्हा," मी म्हटलं, आणि तिने तिसऱ्यांदा वाचलं. हे पान मी भाचीकडे नेलं नाही.

मग मी म्हटलं, "बाई, एक कोरा कागद घ्या. पत्र लिहायचंय."

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. मास्तरांना लिहिलं. ती ओळ तुम्ही वाचली होती, उडी माझ्या बोटाने मारली होती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मी भित्र्यासारखा गप्प बसलो. साहेबांनाही सांगणार आहे, ते माझं काय करायचं ते करोत. तुम्ही आलात तर तुमची खुर्ची मी स्वतः पुसून ठेवीन. लिहून झाल्यावर तिने सवयीने स्वल्पविरामासकट वाचून दाखवलं, आणि ताईंना हसू आणि रडू एकदमच आलं.

"सही कुठे करू?" मी विचारलं.

बाई म्हणाली, "काका, आधी ताईंना वाचू दे ना. ताई, वाचा तुम्ही. मी लिहिलंय ते तेच आहे का, बघा."

"नको," मी म्हटलं.

"काका, नको असं नका करू. वाचू दे त्यांना."

"मी म्हटलं ना, नको! बोट धरा आणि जागा दाखवा."

मी उजवा हात पुढे करून बसलो. मग तिचा हात आला, गार होता. तिने माझं बोट धरलं, कागदावर खाली, उजवीकडे नेलं आणि ठेवलं. मी पेन घेतलं आणि तिथे सही केली.

"आता पाकीट चिकटवा," मी म्हटलं, "आणि चहा सांगा. कप उजव्या हाताला ठेवा."